तासं वाकडी दिसतात म्हणे : मामाजींच्या पडद्यावरची सूज आणि डोळ्यातलं इंजेक्शन

धुऱ्यावरची • ३ ऑगस्ट, रात्री ९:१४

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज अडलं म्हणून लिहिते.

मामाजी (माझे सासरे) ६६ वर्षांचे. दारव्हा तालुक्यात शेती, १४ वर्षांपासून शुगर. गेल्या महिन्यात डवरणी चालू होती तर धुऱ्यावर उभे राहून गड्यावर ओरडले, "पेरलं कोनं बे हे? सारे तासं वाकडे!" गडी बिचारा डवरं थांबवून माझ्याकडे बघायला लागला. मी जाऊन पाहिलं, तासं (पेरणीच्या ओळी) सुतात होती. दोन दिवसांनी म्हणाले, दाराच्या चौकटीला पोट आलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकेक डोळा झाकायला लावला. डावा झाकला की चौकट सरळ, उजवा झाकला की चौकट गरोदर. म्हणजे भानगड डाव्या डोळ्यात.

दीड वर्षापूर्वी एका शिबिरात दाखवलं होतं. "मोतीबिंदू आहे, पिकू द्या" एवढं सांगून परत पाठवलं. बाहुली मोठी करून आतून कोणी पाहिलं नाही. शुगर आहे हे आम्ही तरी सांगितलं होतं का, ते आता आठवत नाही.

आता यवतमाळला दाखवलं. ओसीटी (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन) केली. डाव्या डोळ्यात मधल्या भागाची जाडी ४६२ मायक्रॉन, उजव्यात २७१. नजर डाव्याची ६/३६ (चांगल्या डोळ्याला छत्तीस मीटरवरून दिसतं ते यांना सहा मीटरवरून). निदान डायबेटिक मॅक्युलर इडिमा, म्हणजे शुगरमुळे पडद्याच्या मधोमध सूज. उपाय म्हणून डोळ्यात इंजेक्शन, महिन्याला एक, आधी तीन घेऊ मग बघू. औषधं तीन आणि भावही तीन. सगळा खर्च धरून एक सात-आठ हजारांत, दुसरं पंधराच्या आसपास, तिसरं चाळीसच्या वर. कोणतं घ्यायचं ते सांगा म्हणाले. मी काय सांगणार, साड्या आहेत का त्या?

इंजेक्शन डोळ्यातच का, गोळीने नाही का जमत? स्वस्तातलं घेतलं तर मामाजींवर अन्याय होईल का? एकदाच लेझर मारून मोकळं होता येत नाही का? आणि मामाजींचं म्हणणं, "एक डोया चांगला हाय ना, दुसऱ्याचं काय घेऊन बसली." त्यांना काय उत्तर देऊ?

ठेचा_भाकर • ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताई, माह्या बापाले डॉक्टरनं 'डोयात सुई' म्हनलं त बुढा लघवीले जातो म्हनून उठला, तो थेट पुलगावच्या यष्टी स्टँडवर भेटला. चपला दवाखान्यातच. मंग मोठ्या बहिनीनं समजावलं, घेतली सुई. बाहेर आला त म्हने, "बस, येवढंच? मले वाटलं बैलाले टोचते तसं टोचतीन." सुई केसावानी बारीक राह्यते, थेंब टाकून डोया बधिर करते. रातभर रेती गेल्यावानी खुपलं, सकाऊन बरं. मामाजीले म्हना भ्या नोका.

निवांत_पाटील • ३ ऑगस्ट, रात्री ९:५२

चपला परत मिळाल्या का?

ठेचा_भाकर • ३ ऑगस्ट, रात्री ९:५५

येकच.

पापणी • ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

मी याच शाखेची डॉक्टर आहे, वर्धा जिल्ह्यात काम करते. मामाजींना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण प्रश्न चांगले विचारलेत.

पडद्याच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी जागा आहे, मॅक्युला. पुस्तकी मराठीत पीतबिंदू. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं या दाण्यावर चालतं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. काही बंद पडतात, तेवढा पडदा उपाशी राहतो आणि उपाशी पडद्यातून व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सुटतं. त्याने उरलेल्या वाहिन्या पाझरायला लागतात. जुन्या ठिबकची नळी जिथे नको तिथे पाझरते ना, तसं. पाणी साचलं की दाणा फुगतो आणि फुगलेल्या जागेवर सरळ रेघ वाकडी दिसते. मामाजींनी गड्याला उगाच शिव्या दिल्या, पण निदान अचूक केलं.

इंजेक्शन या व्हीईजीएफला बांधून टाकतं. पोटातून दिलं तर तिथेच पचून जाईल, शिरेतून दिलं तर अख्ख्या शरीरात पसरेल आणि डोळ्यात पुरेसं पोचणार नाही. म्हणून बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, ०.०५ मिलिलिटर एवढंच देतात. एका थेंबाएवढं.

आता भाव. स्वस्तातलं म्हणजे बहुतेक बेव्हासिझुमॅब. २००४ मध्ये अमेरिकेत ते आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, डोळ्यासाठी नाही. तरी जगभर डोळ्यात वापरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत डोळ्यासाठी म्हणून ते २०१३ पासून आहे. मधल्या भावातलं रॅनिबिझुमॅब असावं. त्याची भारतात बनलेली आवृत्ती २०१५ मध्ये आली, तेव्हापासून भाव जरा खाली आले. महागातलं अफ्लिबरसेप्ट असणार. शुगरच्या सुजेवर या तिघांची सरळ तुलना अमेरिकेत झाली, निकाल २०१५ चा. सुरुवातीची नजर बऱ्यापैकी असेल तर तिघंही सारखीच चालली. नजर ६/१५ किंवा त्याहून खाली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. मामाजी ६/३६ आहेत, म्हणजे त्यांच्या बाबतीत फरक पडू शकतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण माझ्या ओपीडीत मी रोज बघते की चाळीस हजारांचं एक घेऊन घरी बसलेल्यापेक्षा आठ हजारांची सगळी वेळेवर घेतलेला माणूस जास्त वाचतो.

लेझरचं उद्या लिहिते, डोळे मिटतायत.

आर्वीकर • ४ ऑगस्ट, सकाळी ७:२०

डॉक्टरांचा मान ठेवून थोडं उलट बोलतो. माझ्या आईला सात इंजेक्शनं झाली. सूज उतरायची, दोन महिन्यांत पुन्हा भरायची. दर वेळी "अजून एक". मोटारीचं बिल भरतोय आणि विहिरीला पाणी नाही, अशी गत. शेवटी नजर जिथे होती तिथेच. हे शास्त्र आहे की हप्ता?

तुरीची_दाळ • ४ ऑगस्ट, सकाळी ७:५८

आर्वीकर, सूज किती जुनी होती सुरू करताना?

आर्वीकर • ४ ऑगस्ट, सकाळी ८:१०

दोन-अडीच वर्षं. आधी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तीनदा चष्मा बदलला. हो, कळतंय कुठे बोट ठेवताय ते.

पापणी • ४ ऑगस्ट, दुपारी २:३०

आर्वीकर, तुमचा राग बरोबर आहे, हप्ता हा शब्दही फारसा चुकीचा नाही. हे औषध पाझर थांबवतं, शुगर बरी करत नाही. त्याचा जोर महिना-दीड महिना टिकतो. पहिल्या वर्षात सात-आठ-नऊ लागतात, दुसऱ्या वर्षी बरीच कमी, पुढे अजून कमी. हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे आणि गर्दीत आमच्याकडून राहतं. सूज वर्षानुवर्षं राहिली की खालच्या पेशी मरतात. मग ओसीटीवर पाणी उतरलेलं दिसतं आणि नजर मात्र येत नाही. काही जणांची सूज या औषधाला दादच देत नाही, त्यांना स्टेरॉइड द्यावं लागतं.

दुसरी बाजूही सांगते. सूज आहे पण नजर जवळजवळ पूर्ण आहे, अशांना लगेच टोचलं नाही, नुसतं लक्ष ठेवलं आणि घसरली तरच टोचलं, तरी दोन वर्षांनी फरक पडला नाही. तो अभ्यास २०१९ चा. तेव्हा ६/६ दिसत असताना कोणी घाई करत असेल तर खुशाल प्रश्न विचारा. मामाजी त्या गटात नाहीत.

लेझर : १९८५ पासून मॅक्युलाच्या सुजेवर हाच मुख्य उपाय होता. त्याने घसरण निम्म्याने कमी व्हायची, पण गेलेली नजर क्वचितच परत यायची. अगदी मध्यावर मारता येत नाही, तिथे डाग पडेल. आता मध्यापासून दूर पाझर असेल तर किंवा इंजेक्शनं पुरत नसतील तर जोडीला वापरतो. एकदा मारून मोकळं, असं या सुजेत होत नाही.

निसर्गमित्र • ४ ऑगस्ट, दुपारी ४:१५

एवढ्या रसायनांपेक्षा साधं शुद्ध मध रोज एक थेंब डोळ्यात. माझ्या काकांचा चष्मा गेला. आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे. आपल्या पूर्वजांना काय ओसीटी होती?

मास्तर_१९५८ • ४ ऑगस्ट, दुपारी ४:४०

पूर्वजांना शुगरही एवढी नव्हती आणि मतदानाला ते काठी टेकत, नातवाचा हात धरून यायचे. त्रिफळा पोटात घ्या, सकाळ सुखाची जाते, माझा अनुभव आहे. डोळ्यात नको. शुगरवाल्याच्या डोळ्यात मध म्हणजे मुंग्यांना आवतण.

ठेचा_भाकर • ४ ऑगस्ट, दुपारी ४:४४

काकाचा चष्मा गेला म्हंजे हरवला का?

निसर्गमित्र • ४ ऑगस्ट, सायं ५:०२

टिंगल करणाऱ्यांशी वाद घालत नाही.

पापणी • ४ ऑगस्ट, सायं ५:३०

मध बुबुळाच्या आत जात नाही, पडदा तर त्याच्या कितीतरी मागे. पण मधातून, वाटीतून, बोटांतून जंतू बुबुळावर जातात आणि फूल पडतं. असे डोळे मी शिवले आहेत. निसर्गमित्र, तुमच्याशी वाद नाही, पण थेंब बंद करा.

फाटका_सातबारा • ४ ऑगस्ट, रात्री १०:१२

विषय थोडा बाजूचा, पण सूज त्याच जागेची म्हणून लिहितो. माझं वय ४१, शुगर नाही, बीपी नाही. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली होती तर आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाकडून पुड्या घ्यायचो. दहा रुपयाला एक. घेतली की तासाभरात माणूस बैलासारखा. चार महिने खाल्ल्या. मग एक दिवस ग्रामसभेत बसलो तर उजव्या डोळ्याने सरपंचाचा फेटा दिसे, खुर्चीचे हात दिसत, तोंडाच्या जागी मळकट रुपया. आधी वाटलं बरंच झालं.

निदान सीएसआर, म्हणजे पडद्याखाली मधोमध पाण्याचा फोड. डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, स्टेरॉइड घेता का? म्हटलं मी पैलवान आहे का. पुडी दाखवली तर त्यांनी कपाळाला हात लावला. त्या पुड्यांत तेच असतं. इंजेक्शन नाही, लेझर नाही. फिजिशियनकडे पाठवून पुड्या हळूहळू सोडवल्या (एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं, हेही तिथेच कळलं). साडेतीन महिन्यांत पाणी आपोआप जिरलं. आता सरपंच दिसतो, इलाज नाही.

निवांत_पाटील • ४ ऑगस्ट, रात्री १०:३०

'आधी वाटलं बरंच झालं' ला दंडवत.

मेडिकलवाला • ५ ऑगस्ट, सकाळी ९:०५

सातबारा भाऊंनी लाखमोलाचं लिहिलं. त्याच पुड्यांनी शुगरवाल्याची शुगर चारशेवर जाते, ते वेगळंच. धुऱ्यावरची ताई, मामाजींच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का बघा. त्याने अंगात पाणी धरतं, काहींच्या पावलावर सूज येते, डोळ्यातली सूजही वाढू शकते. असेल तर स्वतः बंद करू नका, चिठ्ठी घेऊन शुगरच्या डॉक्टरला दाखवा.

धुऱ्यावरची • ५ ऑगस्ट, दुपारी १:२०

आहे! आत्ताच पाकीट बघितलं. आणि पावलं सुजतात हे सासूबाई कधीच्या म्हणतायत, आम्ही म्हणत होतो उभं राहून राहून होतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) पण काढलं, ९.८. सगळ्यांचे मनापासून आभार. 'चांगल्या' डोळ्याचं कोणी सांगाल का?

पापणी • ५ ऑगस्ट, रात्री ९:४५

शुगर एका डोळ्यात राहत नाही. उजवा आज बरा आहे, पण रक्त तेच. डावा वाचवणं म्हणजे उद्या उजव्याला काही झालं तर हाताशी एक असणं. त्यांना म्हणा, बैल दोन असले तरच जोडी.

रिटायर_कंडक्टर • ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

माझं प्रकरण बीपीचं. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात सकाळी उठलो तर डाव्या डोळ्यात खालचा अर्धा भाग गढूळ. पडद्याची नस तुंबली होती. त्यानेही मधोमध सूज येते. दोन इंजेक्शनांनी पुरतं उतरलं नाही म्हणून डोळ्यात स्टेरॉइडची कांडी सोडली. शेवईचा बारका तुकडा, आपोआप विरघळतो, चार महिने काम देतो. सूज उतरली, पण डोळ्याचं प्रेशर वाढलं, मग त्याचे थेंब. पुढे मोतीबिंदूही लवकर आला. एक तिकीट काढलं की पुढची तिकिटं आलीच. तरी पेपर वाचतो आहे.

एक गंमत. त्याआधी हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून डोळ्याचे फोटो काढले. नर्सने सांगितलं होतं, पण विसरलो. घरी येऊन लघवीला गेलो आणि जी बोंब मारली! पिवळीधम्मक, वरुडच्या संत्र्याच्या बागेत मृग बहार तोडल्यासारखी. बायको म्हणाली, आता हे कुठे विकायचं?

मोर्शीची_संत्री • ६ ऑगस्ट, दुपारी ३:५०

कंडक्टर काका, 🙏😂

माझे आबाजी ८२ वर्षांचे, त्यांना शुगर नाही. त्यांचा आजार वयाचा, मॅक्युला झिजण्याचा, आणि तोही कोरडा प्रकार. त्यात सूज नाही, पाणी नाही, म्हणून ही इंजेक्शनंही नाहीत. ओला प्रकार असता तर हीच दिली असती म्हणाले. पन्नास वर्षं बिडी ओढली, ती मात्र ऐंशीव्या वर्षी सोडली.

आबाजींना अंधार नाही, हे लोकांना कळत नाही. कडेचं सगळं दिसतं. अंगणात कोंबडी शिरली की आमच्या आधी त्यांना दिसते. पण समोर उभं राहिलं तर "कोन गा?" मला चालीवरून ओळखतात, माझ्या भावाला खोकल्यावरून. जेवताना स्टीलच्या ताटात भात सापडत नव्हता, वरणच ओरपायचे, आम्हाला वाटलं भूक गेली. मावशीने काळ्या मेलामाइनच्या ताटात भात वाढून दिला तर दोनदा मागून घेतला. आमच्या घरातला सगळ्यात स्वस्त उपचार, ऐंशी रुपये.

गोळ्या चालू आहेत, ल्युटिन, झिआझॅन्थिन, जस्त, तांबं, सी आणि ई जीवनसत्त्व. त्याने बरं होत नाही, मधल्या टप्प्यावर असलेल्यांचा आजार पुढे जाण्याची शक्यता पाच वर्षांत पावभर कमी होते. जुन्या गोळीत बीटा कॅरोटीन असायचं, विडी-सिगारेटवाल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून २०१३ नंतर नव्या मिश्रणातून ते काढलं. आमच्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा जुनंच दिलं होतं, डबीमागचं बारीक अक्षर वाचा.

मेडिकलवाला • ६ ऑगस्ट, सायं ६:१०

+१. आणि शुगरच्या सुजेवर या गोळ्यांचा उपयोग नाही. तरी माझ्याकडे रोज कोणी ना कोणी 'डोळ्याची ताकदीची गोळी' मागतं. विकणारा मीच, म्हणून सांगतो.

कोरडवाहू • ७ ऑगस्ट, रात्री ८:२५

धागा मोठा झाला, पण ज्याने माझे वडील हुकले ते कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पहिलं इंजेक्शन सगळे घेतात. घाबरलेले असतात, पैसे कुठून तरी उभे करतात, घरातले चार जण सोबत जातात. दुसऱ्याला एक जण जातो. तिसरं राहतं. वडिलांचं दुसरं झाल्यावर नजर सुधारली, पंचांगातली तिथी वाचायला लागले. तिसऱ्याची तारीख आली तेव्हा सोयाबीन कापून पडलेलं, आभाळ भरून आलेलं, मळणीयंत्र गावात एकच. "मले दिसून रायलं, जाऊ पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात कापसाची वेचणी. मग तूर. आम्ही गेलो ते होळीला. सूज पहिल्यापेक्षा जास्त होती आणि या वेळी ती उतरली तरी तिथी परत आली नाही. मी इंजेक्शनचा भाव घासाघीस करून कमी केला होता, त्याचं मोठं कौतुक वाटलं होतं मला. हिशोब चुकला तो भाड्याचा, सोबत येणाऱ्याच्या बुडणाऱ्या रोजाचा आणि माझ्या आळसाचा.

म्हणून ताई, पहिल्या दिवशीच तिन्ही तारखा मागून घ्या आणि दाणे मोजायच्या वहीत लिहा. तिसरी ऑक्टोबरात येत असेल तर तेव्हा मामाजींना कोण नेणार ते आज ठरवा.

रिटायर_कंडक्टर • ७ ऑगस्ट, रात्री ८:५०

भाड्याचं मी सांगतो, माझं खातं आहे ते. मामाजी ६६ म्हणजे एसटीत अर्धं तिकीट, आधार कार्ड खिशात ठेवा. बाईमाणसालाही अर्धंच. पंचाहत्तरी उलटली की फुकट. तेव्हा नेणारी सुनेनेच व्हावं, घरधन्याला मळणीला ठेवावं.

पापणी • ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

कोरडवाहू, हे छापून ओपीडीच्या भिंतीवर लावते, हरकत नसेल तर. नाव येणार नाही.

पैशांबद्दल. वैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत, सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी, यवतमाळ-अकोल्याचं शासकीय, नागपूरचं मेडिकल, मेयो, मिहानकडचं एम्स, सगळीकडे नेत्रविभाग आहेत. पडद्याची ओपीडी कोणत्या वारी आणि कोणतं इंजेक्शन मिळतं ते आधी विचारून निघा, नाहीतर हेलपाटा होतो. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते बदलत राहतं. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार दाखवून त्यालाच विचारा, आणि इंजेक्शनच्या आधी विचारा.

बेव्हासिझुमॅब घेणार असाल तर एक प्रश्न जरूर विचारा, औषध भरतात कुठे? मोठ्या बाटलीतून लहान लहान सिरिंज भरल्या जातात. ते काम निर्जंतुक झालं नाही तर एकाच दिवशी अनेकांचे डोळे बिघडतात. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातेत या इंजेक्शननंतर बऱ्याच जणांचे डोळे बिघडले तेव्हा औषध नियंत्रकांनी ते डोळ्यात न वापरण्याचा इशारा काढला होता. त्याच वर्षी तो मागेही घेतला. हा प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग आणि एक-दोन दिवस तरंगणारे काळे बुडबुडे चालतात. पण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं वाढत गेलं, डोळा लाल होऊन नजर उतरली, तर रात्र असो की सण, लगेच निघायचं. जंतुसंसर्ग दोन-तीन हजारांत एखाद्याला होतो, पण झाला तर तासांचा खेळ असतो. अलीकडे लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर टोचण्याआधीच सांगा.

मीनल_दिग्रस • ८ ऑगस्ट, सकाळी ११:१५

माझ्या आईचा मोतीबिंदू काढला, महिनाभर छान दिसलं, दीड महिन्याने पुन्हा धुरकट. शेजारीण म्हणाली भिंग खोटं बसवलं. आम्ही भांडायच्या तयारीनेच गेलो. तर ऑपरेशननंतर येणारी मॅक्युलाची सूज निघाली. नुसत्या थेंबांनी अडीच महिन्यांत बरी झाली. भांडण घरी परत आणलं, शेजारणीसाठी. म्हणजे प्रत्येक सुजेला सुई लागतेच असं नाही.

धुऱ्यावरची • २४ ऑगस्ट, रात्री १०:०२

पहिलं झालं. मधल्या भावातलं घेतलं. महागातलं एकच परवडलं असतं, हे तिन्ही परवडतील. डॉक्टरांना 'औषध भरता कुठे' विचारलं तर म्हणाले, हे कंपनीचीच बाटली आहे, एकाला एक, पण विचारलंत ते बरं केलंत. शुगरच्या डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन बदललं.

बैलजोडीचं सांगितलं तर मामाजी म्हणाले, "मंग एका बैलाले इंजेक्शन अन् दुसऱ्याले काहीच नाई?" आत गेले, दहा मिनिटांत बाहेर. डोळ्याला हिरवं फडकं बांधलेलं, म्हणतात, "सुई कवा मारतीन?" म्हटलं, मारली. तीन तारखा वहीत लिहिल्या आहेत. तिसरी १९ ऑक्टोबर.

ठेचा_भाकर • २४ ऑगस्ट, रात्री १०:०९

चपला?

धुऱ्यावरची • २४ ऑगस्ट, रात्री १०:११

दोन्ही पायात 😄

निवांत_पाटील • १८ ऑक्टोबर, सायं ७:३०

धागा वर काढतोय. उद्या १९ तारीख आहे. धुऱ्यावरची, इकडे सोयाबीन पडलंय आणि आभाळ आलंय. तिकडे काय?

धुऱ्यावरची • १८ ऑक्टोबर, रात्री ९:५५

तिकडेही तेच. मळणीयंत्राचा नंबर उद्याच लागला. घरात दुपारपासून धुसफूस. मामाजी म्हणाले, "पुढच्या हप्त्यात जाऊ." मी कोरडवाहू भाऊंचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'तिथी परत आली नाही' पाशी ते उठून बाहेर गेले. खूप वेळ ओट्यावर बसले होते. आत्ता सांगून गेले, सकाळची साडेसहाची गाडी.

धुऱ्यावरची • २१ नोव्हेंबर, रात्री ८:४०

परवा तपासणी झाली. तीन झाल्यावर जाडी ४६२ ची ३३८, नजर ६/३६ ची ६/१८. एचबीए१सी ८.१. अजून दोन घ्यायची आहेत, मग अंतर वाढवू म्हणाले. पूर्ण उतरली नाही, पण उजव्याला काही झालेलं नाही. सोयाबीनची दोन पोती भिजली, ती वेगळी काढून स्वस्तात दिली.

रोज सकाळी मामाजी चौकटीसमोर उभे राहून एकेक डोळा झाकतात. मला न विचारता सुरू केलंय. काल म्हणाले, "पोट गेलं बाई. कंबर जराशी वाकडी हाय अजून."

कोरडवाहू • २१ नोव्हेंबर, रात्री ९:१५

वाचून बरं वाटलं. चौथीची तारीख?

धुऱ्यावरची • २१ नोव्हेंबर, रात्री ९:२०

१ डिसेंबर. वहीत आहे. हरभऱ्याची पेरणी झाली, उगवलाही. काल धुऱ्यावर जाऊन बघून आले आणि गड्याला म्हणाले, "यंदा बरे पेरले बे तासं." गडी म्हणे, मालक, मागच्या वेळीही मीच पेरले होते.